आमच्या माघारी याचं कोण?

रमजानच्या महिन्यात पहाटे चारच्या सुमाराला आमच्या गल्लीत एकामागून एक दिवे लागत जातात. सहरीची वेळ असते. कुणाच्या घरातून तव्याचा आवाज येतो, कुणी शेजाऱ्याची कडी वाजवून त्याला उठवतं. आमच्यापासून तिसऱ्या घरातला दिवा मात्र या सगळ्यांच्या आधीपासून चालू असतो. त्याचा रमजानशी संबंध नाही. तो बाराही महिने रात्रभर चालूच असतो.

त्या घरात खाला, खालू आणि त्यांचा मुन्ना राहतात. खाला माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, पण आमच्या मोहल्ल्यात आईच्या मैत्रिणीला खालाच म्हणतात. त्या ६६ वर्षांच्या आहेत. खालू ७३ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आणि मुन्ना ३८ वर्षांचा. त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे आणि फिट येतात. फिट बहुतेक रात्रीच येते, म्हणून दिवा. फिट आली की त्याला कुशीवर वळवायचं, तोंडाला आलेला फेस पुसायचा, डोकं पलंगाच्या कडेवर आपटू द्यायचं नाही. मुन्नाचं वजन ७२ किलो आहे. खालांचं पन्नासही भरणार नाही.

मी कॉलेजात शिकवते, म्हणून मोहल्ल्यातले फॉर्म भरायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. या घराची कागदपत्रं मी बारा-तेरा वर्षं भरते आहे. खालांच्या तोंडून एक दुआ मी पहिल्यांदा ऐकली तीही अशाच एका रमजानात. शबे-कद्रची रात्र होती. बायका एकत्र बसून इबादत करत होत्या. माझ्या शेजारी खाला हात पसरून हळू आवाजात म्हणत होत्या, "या अल्लाह, इसकू मेरे पहले उठा ले. एकीच दिन पहले."

मला तेव्हा धक्का बसला होता. आई लेकरासाठी असं कसं मागू शकते? पुढं काही वर्षांनी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंशी बोलताना हीच प्रार्थना मराठीत ऐकली. काकूंची मुलगी ४१ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणं तिला कळतं, पण हातपाय तिच्या ताब्यात नाहीत. काकू तुळशीला पाणी घालता घालता म्हणाल्या, "अगं, मी देवाजवळ दुसरं काही मागत नाही. माझ्या आधी एक दिवस हिला ने म्हणते." देव वेगळा, भाषा वेगळी, मागणं मात्र शब्दाशब्दाला तेच. तेव्हापासून मला ही दुआ क्रूर वाटत नाही. ज्या आईला दुसरा कुठलाही आधार दिसत नाही, तिनं केलेला तो हिशेब आहे.

अठरा वर्षांनंतर

ही अडचण आताच एवढी का जाणवू लागली? एक कारण चांगलंच आहे. अशी मुलं आता जगतात. डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य १९८० च्या सुमाराला अमेरिकेतही पंचविशीच्या आसपास होतं. आज ते साठीपर्यंत गेलं आहे. आपल्याकडेही फिटवरची औषधं तालुक्याच्या गावात मिळू लागली, लहानपणीचे संसर्ग आटोक्यात आले. जी मुलं पूर्वी आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत जायची, ती आता चाळिशी-पन्नाशी गाठतात. दुसरं कारण घरं लहान झाल्याचं. आत्या, चुलत्या, आजी असं माणसांनी भरलेलं घर आता राहिलं नाही. सांभाळायला दोन म्हातारी माणसं उरली.

आपली व्यवस्था मात्र अजून लहान मुलाचाच विचार करते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातवरून २१ केले, ही मोठी गोष्ट झाली. पण विशेष गरज असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्यात वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच आहे. मुन्नाची शाळा २००५ मध्ये संपली. त्या दिवशी त्याला गुच्छ दिला, फोटो काढला आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दप्तर घेऊन दारात उभा राहिला. शाळा संपली हे त्याला समजावणार कसं? खाला सांगतात, महिनाभर तो रोज दारात उभा राहत होता.

पुढं एका संस्थेच्या कार्यशाळेत त्याची सोय झाली. प्रौढ मुलांसाठी अशा कार्यशाळा बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. मेणबत्त्या, अगरबत्त्या, कागदी पिशव्या, फायली असं काम तिथं करून घेतात. मुन्ना पिशव्यांना दोरी ओवायचा. सकाळी साडेदहाला गाडी यायची, दुपारी चारला परत आणून सोडायची. महिन्याकाठी थोडे पैसे पाकिटात मिळायचे. ते पाकीट तो खालूंच्या हातात द्यायचा आणि खालू "वा, कमाके लाया मेरा बेटा" म्हणायचे. त्या साडेपाच तासांत खाला बाजार करायच्या, धुणं धुवायच्या, दवाखान्यात जायच्या, जोहरची नमाज निवांत पढायच्या.

गेल्या दिवाळीनंतर ती गाडी बंद झाली. संस्थेचं अनुदान अडकलं होतं. ड्रायव्हरचा आणि मदतनीस बाईंचा पगार थकला होता, डिझेलला पैसे नव्हते. कार्यशाळा सुरू आहे, पण मुलांना पालकांनी आणून सोडायचं आणि घेऊन जायचं. येण्याजाण्याच्या चार फेऱ्यांचं रिक्षाभाडं खालांना परवडत नाही. आणि फिट येणाऱ्या ७२ किलोच्या माणसाला रिक्षात धरून बसणं त्यांना झेपतही नाही. त्यामुळं मुन्ना घरी आहे. सकाळी साडेदहाला तो अजूनही चप्पल घालून ओट्यावर बसतो.

कपात कशी असते?

अनुदानात कपात झाली म्हटलं की आपल्याला मोठा मथळा आठवतो. प्रत्यक्षात कपात फार गुपचूप येते. कधी ती अर्थसंकल्पातल्या आकड्यातच असते. दिव्यांग हक्क कायद्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राची जी योजना आहे, तिला २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात २४० कोटी रुपये ठेवले होते. पुढच्याच वर्षी ते १५० कोटी झाले. देशात २०११ च्या जनगणनेनुसार २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती आहेत, महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. त्यानंतर जनगणना झालेली नाही आणि आजची खरी संख्या यापेक्षा जास्तच असणार. १५० कोटींना या आकड्यानं भागून पाहा. माणशी वर्षाला साठ रुपयेसुद्धा येत नाहीत.

कधी रक्कम कमी होत नाही, ती फक्त जागची हलत नाही. केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतन २०१२ मध्ये महिन्याला ३०० रुपये झालं. आजही केंद्राचा वाटा तेवढाच आहे, तोही ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तर. २०१२ मध्ये तीनशे रुपयांत किती किराणा यायचा हे ज्याला आठवतं, त्याला कपात म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

कधी पैसे मंजूर असतात, पण उशिरा येतात. जागा मंजूर असते, पण भरली जात नाही. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असा नियम आपल्या राज्यात आहे. आपल्या गावात तो गेल्या वर्षी कशावर खर्च झाला, हे वाचकांनी एकदा विचारून पाहावं.

चांगलं झालं तेही सांगायला हवं. आपल्या राज्यानं २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला १,५०० रुपये मिळत होते, ते २,५०० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. खालांच्या घरी ही बातमी मीच वाचून दाखवली होती. खालूंनी कागद-पेन्सिल घेतली. मुन्नाला दिवसा-रात्री मिळून दोन डायपर लागतात. एक साधारण ४० रुपयांना. महिन्याचे झाले २,४०० रुपये. खालू हसून म्हणाले, "सौ रुपये बच गए, बेटी." फिटच्या गोळ्या, दूध, साबण, खालूंची स्वतःची शुगरची औषधं हे सगळं मग त्यांच्या पेन्शनीतून. कंडक्टर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाची ती पेन्शन महिन्याला २,८०० रुपये आहे.

अंगठा

पैसे वाढले, पण ते मिळायला हवेत. मुन्नाचे पैसे मध्ये चार महिने आले नाहीत. चौकशी केली तर कळलं, आधारची पडताळणी राहिली आहे, अंगठा द्यायला प्रत्यक्ष यावं लागेल. एका सकाळी रिक्षा ठरवून खाला, मुन्ना आणि मी निघालो. कचेरी पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मुन्नाला जिन्याची भीती वाटते, त्यानं कठडा धरला आणि सोडेना. मी वर जाऊन विचारलं, मशीन खाली आणता येईल का? "तशी पद्धत नाही" असं उत्तर मिळालं. मागून येणारी माणसं जिन्यात खोळंबली. एक जण म्हणाला, "अशांना आणता कशाला इथं?"

खालांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या मुन्नाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. शेवटी एक तरुण लिपिक स्वतःच मशीन आणि लॅपटॉप घेऊन खाली आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. मुन्ना मूठ घट्ट मिटतो. त्याचा अंगठा उघडायला वीस मिनिटं लागली. मशीननं सात वेळा नाकारला, आठव्या वेळी घेतला. त्या मुलानं एकदाही आवाज चढवला नाही. निघताना म्हणाला, "माझी पण एक बहीण आहे, ताई."

मला तो मुलगा आठवतो तसा तो जिनाही आठवतो. माणूस चांगला भेटला तर काम होतं, नाही भेटला तर होत नाही, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

फर्ज कुणाचं?

रमजानात खाला मौलाना साहेबांना दर वर्षी एक प्रश्न विचारायच्या. मुन्ना रोजे धरत नाही, तर त्याचा फिदया किती द्यायचा? जो कायमच्या आजारपणामुळं किंवा म्हातारपणामुळं रोजा धरू शकत नाही, त्यानं दर रोज्यामागं एका गरिबाला जेवण द्यायचं असतं. त्यालाच फिदया म्हणतात. खाला पेन्शनीतून त्याची रक्कम बाजूला काढत असत. आमचे नवे मौलाना साहेब म्हणाले, "ज्याच्यावर रोजा फर्जच नाही, त्याचा फिदया कसला? ज्याला समज दिलेली नाही, त्याच्याकडं अल्लाह हिशेब मागत नाही. हे पैसे त्याच्या दुधाला वापरा." खाला त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ रडल्या. मुन्ना अल्लाहचा कर्जदार नाही, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मुन्नाला मात्र रोजा हवा असतो. लहान मुलं अर्ध्या दिवसाचा रोजा धरतात, त्याला आम्ही चिडिया रोजा म्हणतो. दुपारी खाला त्याला भात भरवतात आणि सांगतात, "हो गया तेरा रोजा." संध्याकाळी तो टोपी घालून दस्तरखानावर सगळ्यांच्या आधी बसतो. अजान झाली की खजूर पहिल्यांदा खालूंच्या तोंडात घालतो, मग आपल्या.

फर्ज त्याच्यावर नाही. मग त्याच्याबाबतचं फर्ज कुणावर आहे? आई-वडिलांवर तर आहेच. ते आपल्या मुलाला जकात देऊ शकत नाहीत, कारण मूल ही त्यांची स्वतःचीच जबाबदारी. पण ते थकल्यावर? इस्लामी इतिहासात एक नोंद आहे. आठव्या शतकाच्या सुरुवातीला दमास्कसचा उमय्या खलिफा पहिला वलीद यानं अंध व्यक्तीला वाट दाखवणारा माणूस आणि पांगळ्या व्यक्तीला मदतनीस सरकारी खर्चानं दिला, असं अरब इतिहासकार सांगतात. त्याच्या कारभारात न पटण्यासारखं पुष्कळ होतं. पण अपंग माणसाला सांभाळण्याचं काम ही राज्याचीही जबाबदारी आहे, हे तेराशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याला कळलं होतं.

आपल्या २०१६ च्या कायद्यातही हेच आहे. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांग व्यक्तींना सांभाळणाऱ्या माणसासाठी भत्ता द्यावा, असं कलम २४ सांगतं. केरळात आश्वासकिरणम् नावाच्या योजनेत अशा सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरवलेले आहेत. रक्कम लहान, आणि तीही थकल्याच्या तक्रारी आहेत. तरीही त्या रकमेमागं एक कबुली आहे. घरात आई जे करते ते काम आहे, हे सरकारनं मान्य केलं आहे. खालांनी ३८ वर्षांत एकही सुट्टी घेतलेली नाही, आणि सरकारी कागदावर त्यांच्या नावापुढं 'गृहिणी, उत्पन्न निरंक' असं लिहिलेलं आहे.

जिवंतपणी करायच्या गोष्टी

काकूंचे यजमान सरकारी नोकरीत होते. त्यांनी हयातीतच मुलीचं नाव आणि अपंगत्वाचा दाखला निवृत्तिवेतनाच्या कागदांत नोंदवून ठेवला. सरकारी कर्मचाऱ्याच्या कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आई-वडिलांच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. पण अनेक घरांत ही नोंद राहून जाते आणि मग दाखले शोधत भावंडं फिरतात. ज्यांना लागू आहे त्यांनी या महिन्यात एवढं एक काम करावं.

दुसरी गोष्ट पालकत्वाची. मूल अठराचं झालं की कायद्यानं ते सज्ञान. मग ते बौद्धिकदृष्ट्या पाच वर्षांचं का असेना, आई-वडील त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत, दवाखान्यात इथंच अडतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी सोय केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. माझ्या पाहण्यातल्या दहा घरांपैकी आठ घरांना या दोन्ही गोष्टी माहीत नव्हत्या.

तिसरी गोष्ट मालमत्तेची, आणि इथं आम्हा मुसलमान कुटुंबांनी विशेष लक्ष द्यायला हवं. हिंदू कुटुंबात स्वकष्टार्जित घर मृत्युपत्रानं दिव्यांग मुलाच्या नावे करता येतं. आमच्याकडं वसीयत एकतृतीयांशापुरतीच, आणि जो मुळातच वारस आहे त्याच्या नावे वसीयत बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. म्हणजे "घर मुन्नाकू लिखके जाता" असं खालू वीस वर्षं म्हणत होते, ते तसं होणारच नव्हतं. मार्ग आहे तो हिबाचा, म्हणजे हयातीत बक्षीस देण्याचा. त्यात ताबाही तेव्हाच द्यावा लागतो. हे सगळं जाणत्या वकिलाला विचारून, बाकीच्या मुलांना समोर बसवून करावं. लपवून केलं तर आई-वडिलांच्या माघारी त्याच घरावरून भांडण होतं आणि रस्त्यावर येतो तो मुन्ना.

या भावंडांशी बोलण्याचं काम सगळ्यात अवघड. खालांची मुलगी पुण्याला दिलेली आहे. ती ३४ वर्षांची, एका शाळेत नोकरीला. खालांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की तिच्यावर हे ओझं टाकायचं नाही, तिच्या सासरी बोलायचं नाही. या रमजानच्या पहिल्या रविवारी ती माहेरी आली होती. इफ्तारनंतर मी पालकत्वाचा अर्ज काढला आणि विचारलं, पुढचा पालक म्हणून कुणाचं नाव घालायचं? खाला गप्प. खालू गप्प. मुलगी भांडी उचलता उचलता थांबली आणि म्हणाली, "अम्मी, तुमने मेरेकू कभी पूछाच नहीं."

खाला म्हणाल्या, "पूछती तो तू हां बोलती. इसलिए नहीं पूछी."

त्यानंतर दोघी बराच वेळ बोलल्या, मी घरी निघून आले. दुसऱ्या दिवशी मुलीचा निरोप आला. ती पालक होईल. मुन्नाला पुण्याच्या दोन खोल्यांत कायमचं नेणं तिला जमणार नाही, हे तिनं स्पष्ट सांगितलं. पण त्याचा पैसा, औषधं, त्याची राहायची सोय यावर ती लक्ष ठेवील. त्यात कुठलंही मोठेपण नव्हतं. सरळ, खरं उत्तर होतं. खालांनी मला सांगितलं, त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

राहायची सोय हा प्रश्न मात्र उरतोच. बदलापूरची 'आधार' ही संस्था अशा मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. प्रौढ मुलांना तिथं आयुष्यभर राहता येतं. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून १९८४ पासून अपंगांसाठी केलेलं काम 'चाकाची खुर्ची' या त्यांच्या आत्मकथनामुळं मराठी वाचकांना माहीत आहे. अशी ठिकाणं आहेत, पण गरजेच्या मानानं ती फार थोडी. प्रत्येक जिल्ह्यात एक तरी असं घर हवं, सरकारी आधारानं चालणारं आणि त्या आधाराची तारीख न चुकणारं.

शिधा नको, दोन तास हवेत

रमजानात आमच्या मोहल्ल्यात गरजू घरांना शिध्याचे किट वाटतात. या वर्षी कमिटीची पोरं खालांच्या घरीही किट घेऊन गेली. खालांनी घेतलं, दुआ दिली. नंतर मला म्हणाल्या, "बेटी, आटा तो है मेरे पास. दो घंटे नहीं हैं."

खालांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तीन वर्षं झाली, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. ऑपरेशन फुकट होतंय. पण नंतर दोन-तीन आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. मुन्नाला मग उठवणार कोण, अंघोळ कोण घालणार? खालूंचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं आहे. म्हणून तीन वर्षं डोळा तसाच. परवा त्यांनी अंधुक दिसल्यामुळं फिटच्या गोळीऐवजी खालूंची शुगरची गोळी मुन्नाच्या हातावर ठेवली होती. खालूंनी वेळेवर पाहिलं.

हे ऐकल्यावर मी मस्जिद कमिटीकडं गेले. चर्चा लांबली. गाडीच्या डिझेलला जकातीचे पैसे चालतील का, असा प्रश्न निघाला. मौलाना साहेब म्हणाले, जकात ही हकदार माणसाच्या हातात पडली पाहिजे. मुन्नाच्या नावे ती देता येईल, गाडीसाठी सदक्याचे पैसे वापरा. मग संस्थेशी बोलणं झालं. गाडी आठवड्यातून तीन दिवस सुरू होईल, तीन महिन्यांपुरती. त्या गाडीत एकूण अकरा मुलं जातात, त्यांतली सात हिंदू घरांतली. गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी चौथ्या दिवसाचं डिझेल आपल्याकडं घेतलं.

ऑपरेशन ईदनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं आहे. पंधरा दिवसांचं वेळापत्रक आम्ही केलं. सकाळी अंघोळीला मोहल्ल्यातले दोन तरुण. दुपारी भरवायला काकू येणार. त्या म्हणाल्या, "माझी लेक झोपते त्या वेळी मला येता येईल. मला शिकवायला नको, मी एक्केचाळीस वर्षं हेच करते आहे." संध्याकाळी माझ्या कॉलेजातली दोन मुलं त्याच्याशी बसतील, पिशव्यांना दोरी ओवतील. शेवटचे काही दिवस मुलगी रजा घेऊन येईल. हा कागद मराठीत आणि उर्दूत लिहून खालांच्या स्वयंपाकघरात भिंतीला लावला.

खालांना डाव्या डोळ्यानं वाचता येतं. त्यांनी पहिल्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत एकेक नाव बोट ठेवून वाचलं. मग माझ्याकडं पाहून विचारलं, "और सोलहवें दिन, बेटी?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेजारी मिळून पंधरा दिवस उभे राहू शकतात, दर वर्षीही राहू शकतात. सोळाव्या दिवसासाठी मात्र अनुदान वेळेवर यावं लागतं, कायद्यातला भत्ता कागदावरून खाली यावा लागतो, जिल्ह्यात एक घर असावं लागतं. ते कुणाच्या रहमदिलीवर सोडता येत नाही. ते मागावं लागेल, आणि फक्त त्यांच्या आई-वडिलांनी नव्हे, आपण सगळ्यांनी. त्यांच्याकडं मागायला जाण्याइतका वेळच नाही.

आपल्या गल्लीत असा रात्रभर चालू असलेला दिवा असेल तर या महिन्यात एकदा ते दार वाजवा. किट द्यायला नको. "मी दोन तास बसतो, तुम्ही जाऊन या," एवढंच म्हणा. आणि मग नगरपालिकेत जाऊन त्या ५ टक्क्यांचं काय झालं, तेही विचारा.